कप्तानांची टाळी

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांना फोनवरचं बोलणं हल्ली उमगत नाही, पण पत्र वाचून दाखवलं की मान डोलवत ऐकतात, हे वाचून जीव भांड्यात पडला. आता मी नेमानं लिहीन. शाळेत माझे निबंध तू लिहून द्यायचास, आता माझं गिचमीड अक्षर बाबांना वाचून दाखवायची शिक्षा भोग.

कामाचं लिहिते. आमच्या इस्पितळातर्फे मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी शनिवारचा वर्ग सुरू होतोय आणि तो माझ्या गळ्यात पडलाय. विषय एकच, पोरांच्या डोक्याला बसणारे मार कमी कसे करायचे. तू नाक मुरडलंस ते मला इथून दिसतंय. पण माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत येऊन बसणारी पोरं तू पाहिली नाहीस. डोकं आपटलं, उठली, पुन्हा खेळली. मग महिनाभर उजेड सोसत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही, आई म्हणते आळशी झालाय. बेशुद्ध पडलं तरच ते गंभीर, असं शिकवणाऱ्यांनाच वाटतं, मग पालकांना काय बोल लावायचा? मेंदू आतल्या आत हिंदकळतो आणि बाहेर एक ओरखडा दिसत नाही. वर तो निवायच्या आत दुसरा मार बसला, तर काय होईल ते मी या पत्रात लिहीत नाही, बाबा ऐकत असतील.

तूही क्लबात पोरांना शिकवतोस, तेव्हा वर्गाला ये. आणि मैदानाच्या छपराखाली बाबांनी टांगलेला तो दोरीचा बॉल उतरव. पोरं रांगेनं येऊन त्यावर डोकी आपटून घेतात, ते बघून मला आता कसंतरी होतं.

बाबा मैदानावर येतात का? त्यांची टाळी अजून वाजते ना? पोर पडलं की कप्तानांनी खुर्चीतून टाळी सुरू करायची, रेषेवरच्या सगळ्यांनी ताल धरायचा आणि पोर उभं राहीपर्यंत थांबायचं नाही. गुडघा फुटला होता तेव्हा मी त्या टाळीवरच उठले होते. अजूनही कामात हातपाय गळाले की ती टाळी मला ऐकू येते.

वहिनीला नमस्कार, टोळाला आत्याचा पापा. आपला लोभ जुना आहे, तो एका दोरीपायी तुटू नये एवढी विनंती.

तुझी,
छोटी


१४ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

मालिशवाल्या बाई आता फुटबॉल शिकवणार, म्हणजे गुरूची विद्या गुरूलाच! चार पोरं चक्कर येते म्हणून तुझ्याकडे आली आणि तू सुतावरून स्वर्ग गाठलास. आम्ही सगळे त्या दोरीच्या बॉलवरच शिकलो. मी दिवसभर दुकानात काचा घासतो, लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो, एकाही गिऱ्हाइकाचा नंबर चुकत नाही. मग माझं डोकं बिघडलंय ते कुठून? यावर तू काय म्हणशील ते माहीत आहे, म्हणून लिहू नकोस.

बाबा बरे आहेत, म्हणजे आहेत तसे आहेत. सामना किती वाजता आहे, असं सकाळपासून विचारत राहतात. आज सामना नाही म्हटलं की हिरमुसतात आणि चहा संपायच्या आत परत विचारतात. परवा तुझ्या वहिनीला त्यांनी मोठ्या अदबीनं विचारलं, की बाई, आपण कोणाकडच्या? ती म्हणाली, तुमच्याकडचीच. मग दोघंही हसले. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, ते मी पाहिलं. डॉक्टर वयावर बोट ठेवतात. तू बाबांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेल्या त्या भिजून दगड झालेल्या चामडी बॉलवर ठेवतेस. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की खात्रीनं काहीच सांगता येणार नाही.

पण मैदानावर नेलं की माणूस पुन्हा कप्तान होतो. खुर्चीत ताठ बसतात. पोर पडलं की बाकीच्यांच्या आधी त्यांची टाळी पडते. घरच्यांची नावं विसरलेला माणूस ती विसरत नाही.

टोळ तशीच, उंबरठा ओलांडायचा असला तरी उडी. बॉल जमिनीवर असला की तिचं लक्ष नसतं आणि हवेत असला की तो तिचाच. सगळा आजोबांवर गेलेला नग आहे.

वर्गाला येईन. तुझ्यासाठी नाही, क्लबच्या समितीनं सक्ती केली म्हणून. शेवटच्या बाकावर बसेन आणि घोरेन.

रागावलीस तरी लिहीत जा, बाबा वाट बघतात. मीही.

तुझा,
दादा


२ मे

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

घोरलो नाही. घे, लिहून दिलं.

खरं सांगू? तू चित्रं दाखवलीस, आकडे सांगितलेस, तोवर मी खिडकीबाहेर बघत होतो. मग तू सगळ्यांना विचारलंस, की पडलेल्या पोराजवळ पोचल्यावर तुम्ही पहिलं काय विचारता? आम्ही सगळ्यांनी एकच सांगितलं, ठीक आहेस ना, असं विचारतो. तेव्हा तू म्हणालीस की हा प्रश्नच नाही, ही आपण पोराला केलेली विनंती आहे, आणि पोर ती मान्य करतं. तिथे मी खिडकी सोडली.

आता मी तू सांगितलेलं विचारतो. आत्ता कोणता हाफ चालू आहे? शेवटचा गोल कोणी केला? गेल्या आठवड्यात कोणाशी खेळलो? उत्तर चुकलं, उशिरा आलं, डोळा ठरेना, तर बाहेर. शंका आली तरी बाहेर. त्या दिवशी परत आत नाही, डॉक्टर म्हणेपर्यंत पुढेही नाही. दोरीचा बॉल उतरवला. छपराला नुसता हूक राहिलाय, बाबा त्याच्याकडे बघत बसतात. लहानांचं हेडिंग बंद, मोठ्यांचं हलक्या बॉलवर आणि तेही मोजकं. मानेचे व्यायाम मात्र रोज. टोळ माझ्याशी बोलत नाही, कट्टी आहे.

पालक कुरकुरतात. एकानं विचारलं, मास्तर, पोरांना काचेच्या कपाटात ठेवणार का? दुसरा म्हणाला, चष्मेवाल्याला सगळीकडे काचच दिसायची. मी हसून सोडून दिलं. पण गेल्या रविवारी आमच्या गोलकीपर पोरीला खांब लागला. मी आत जाऊन विचारलं. ती म्हणाली पहिला हाफ, आणि चालू होता दुसरा. बाहेर काढली. सामना हरलो. तिच्या बापानं सगळ्यांदेखत मला नको ते ऐकवलं. दोन दिवसांनी तिची आई दुकानात आली, चष्मा बघायचं निमित्त करून बसली. पोरीला घरी गेल्यावर उलट्या झाल्या होत्या. जाताना ती माझ्या हातावर हात ठेवून गेली.

तेव्हा मालिशवाल्या बाई, तुमचं बरोबर होतं. हे वाक्य बाबांना वाचून दाखवलं नाही, त्यांना धक्का सोसायचा नाही.

असाच कान पिळत राहा.

तुझा,
दादा


१९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र इस्पितळातल्या फळ्यावर टाचून ठेवायचं मनात होतं. मग म्हटलं, तू चढून बसशील. वर्गात मात्र तुझं उदाहरण देते, नाव न घेता. एक चष्मेवाले मास्तर आहेत, अगदी दगड, पण पाझर फुटला, असं सांगते.

वर्ग छान चाललाय. सुरुवातीला सगळे हाताची घडी घालून, जावईबापू रुसल्यासारखे बसतात. त्यांना बोलतं करायला मी आपल्या घरचीच गोष्ट सांगते, कप्तानांच्या टाळीची. मी पडलेय, मैदानभर टाळ्या चालल्यात, मी रडत म्हणतेय की मला नाही उठायचं, आणि बाबा थांबायलाच तयार नाहीत. सगळे खो खो हसतात आणि मग मोकळे होतात. बाबांना सांग, त्यांच्या टाळीवर माझा वर्ग चालतो.

टोळाची कट्टी सुटली का? अंतिम सामन्याला मला सुट्टी मिळणार नाही. तू नीट कळव, कोण कशी खेळली ते सगळं. तिला म्हणावं आत्या मनानं रेषेवर उभी असेल.

घरातल्या सगळ्यांचा जीव माझ्यात असू दे, माझा तिथेच आहे.

तुझी,
छोटी


३० जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बाबांना वाचून दाखवणार नाही.

तू रजा काढून आलीस, इस्पितळाच्या त्या लांब बाकावर माझ्या शेजारी बसलीस, डॉक्टरांशी बोललीस, वहिनीला जेवायला लावलंस. मैदानावर काय झालं ते मात्र एकदाही विचारलं नाहीस. मला वाटतं तू वाट बघत होतीस. पण तोंडानं सांगणं मला जमलं नाही, म्हणून लिहितो.

कोपऱ्यावरून बॉल आला. टोळ उडाली, पलीकडची एक उंच मुलगी उडाली, आणि दोघींची डोकी एकमेकींवर आदळली. आवाज रेषेपर्यंत आला. मी धावलो. रेफरीनं मला आत बोलावलं होतं, नियमाची आडकाठी कुठे नव्हती. तू शिकवलेले सगळे प्रश्न माझ्या जिभेवर होते.

तेवढ्यात टाळी सुरू झाली.

बाबांची आधी. मग गोलकीपरच्या बापाची, मग सगळ्यांची. अंतिम सामना, त्यामुळे माणसंही खूप. टोळ गुडघ्यावर आली. मग उभी राहिली. नेहमीसारखा हात वर केला आणि आपल्या जागेकडे निघाली. सगळे ओरडले. ती उभी दिसल्यावर रेफरीनं मला हातानं परत जायची खूण केली, आणि मी फिरलो. छोटे, मी नुसता फिरलो नाही. रेषेकडे परत येताना मी टाळ्या वाजवत होतो. टाळी पडली, पोर उठलं, की विषय संपला, हे माझ्या हाडात इतकं मुरलंय की मला त्याचा पत्ताही नव्हता. दोरीचा बॉल मी उतरवला, कारण तो डोळ्यांना दिसत होता.

तिची चाल तिरकी पडतेय हे मला बाबांच्या खुर्चीपाशी पोचल्यावर दिसलं. मी बदली खेळाडूला उठवलं. बॉल बाहेर गेला की टोळाला काढायची, असं ठरवलं. बॉल बाहेर गेला नाही. तो तिच्याकडे आला, उंच, आणि तिनं उडी मारली.

ती पडली तशी पुन्हा टाळी सुरू झाली. मी ओरडत धावलो, की थांबा. हळूहळू थांबले. शेवटी एकच टाळी चालू राहिली, एकट्याची. वहिनीनं जाऊन बाबांचे हात धरले. पोर अजून उठली का नाही, असं ते तिला विचारत होते.

पलीकडच्या त्या उंच मुलीला तिच्या मास्तरांनी पहिल्याच वेळी बाहेर घेतलं होतं. ती दहा-बारा दिवसांत बरी झाली. ते मास्तर परवा भेटायला आले होते. तुझ्याच वर्गात शिकलेले. त्यांच्या मैदानावर पोर पडलं की सगळे गप्प राहतात.

टोळ घरी आहे. पडदे ओढून ठेवलेत. वहिनीनं शाळेची बस चालवायचं काम तूर्त सोडलंय. टोळ चालते, पण भिंतीला हात लावून. वाचायला बसली की ओळी हलतात म्हणते. शब्द हरवतात. आज शाळा आहे का, असं विचारते. नाही म्हटलं, की जरा वेळानं परत विचारते. पलीकडच्या खोलीतून बाबा विचारतात, सामना किती वाजता आहे. मी दोन खोल्यांच्या मधे उभा राहून दोघांना उत्तरं देतो. डॉक्टर म्हणतात पुष्कळ सुधारेल, सगळं सुधारेल असं म्हणत नाहीत. तूही म्हणाली नाहीस, ते माझ्या लक्षात आलं.

मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून पोट भरतो. त्या दिवशी माझ्या पोरीच्या डोळ्यांत बघितलं नाही.

क्लबच्या खोलीची किल्ली परत केली. आशीर्वाद लिहिला आहे, पण तो द्यायची माझी लायकी उरली आहे का, ते तूच ठरव.

दादा


११ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्कारच लिहिला आहे, नेहमीचाच. लायकीचं पुन्हा लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझी चूक नव्हती, असं मी म्हणणार नाही. तुला ते खरं वाटणार नाही आणि मग माझं बाकीचंही वाटणार नाही. तू तिथे चुकलास. पण तुला शिकवलं कोणी? मी. मानेचे व्यायाम शिकवले, प्रश्न शिकवले, कोणता बॉल घ्यायचा ते शिकवलं. आणि दर वर्गाच्या सुरुवातीला ती टाळीची गोष्ट सांगितली, हसवायला. पडलेल्या पोराला टाळ्यांनी उठवतात हे मी इतक्या प्रशिक्षकांपुढे कौतुकानं सांगत होते आणि त्याच तोंडानं पुढे सांगत होते की पडलेल्या पोराला उठायची घाई करू देऊ नका. दोन्ही गोष्टी माझ्या एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या, आणि त्यांची कधी ओळखच झाली नाही. घरचं होतं ना ते. घरचं कोण तपासून बघतं?

अजून ऐक. तुझं पत्र आलं त्याच दिवशी एका मास्तरांची चिठ्ठी आली. लांबच्या गावचे, वर्गात फार हसले होते. लिहितात की तुमच्या कप्तानांची टाळी आम्ही आमच्याकडे सुरू केली, पोरं आता पटापट उठतात, आपले आभार. मग त्यांना फोन केला. आता एकेकाला फोन करतेय. काही फोन उचलत नाहीत. काही म्हणतात, बाई, टाळीनं काय होतंय?

वर्गात आता पहिला धडा रेषेवरच्या माणसांचा असतो. प्रशिक्षकाला शिकवून भागत नाही, त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्यांनाही गप्प राहायला शिकवावं लागतं. पण मी सांगते ते त्यांना पुस्तकातलं वाटतं. तू येशील का? एकदाच. मला लिहिलंस तेवढंच सांग, तुझे हात टाळ्या वाजवत होते तेसुद्धा. नाही जमलं तर आग्रह नाही. किल्ली परत घे असंही म्हणत नाही.

बाबांना काही सांगू नका. त्यांना रागावूही नका. त्यांनी आयुष्यभर पोरांना उठवलं, तेवढंच त्यांच्यापाशी उरलंय.

टोळाला म्हणावं, जमेल तसं लिही, एक ओळ चालेल, चुकलेली चालेल.

माझ्यावरचा राग असेल तर तो लिहून कळव, लोभ मात्र न लिहिताही राहू दे.

तुझी,
छोटी


ऑगस्ट, तारीख बाबांना विचारून नंतर घालीन

ती. आत्यास,
शि. सा. न.

रोज थोडं थोडं लिहितेय म्हणून अक्षर वेगवेगळं दिसेल. आईनं घड्याळ लावलंय, ते वाजलं की पेन्सिल खाली ठेवायची. बाबांनी माझ्यासाठी काळ्या काचांचा चष्मा केलाय. तो घालून मी सिनेमातली दिसते असं आई म्हणते. कोणत्या सिनेमातली ते सांगत नाही.

काल मला चमचा हा शब्द सापडला नाही. मी म्हटलं, ते दे, जेवायचं फावडं. आई हसली. मग आम्ही आता त्याला फावडंच म्हणतो. डोकं कधी कधी दिवसभर दुखत नाही. कधी कधी दुखतं.

आता फुटबॉल नाही, कधीच नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. बाबांनी नाही सांगितलं. ते खिडकीकडे बघत होते. मी रडले नाही, रडलं की जास्त दुखतं.

आजोबा रोज माझ्या दाराशी येतात. मी झोपलेली दिसते, म्हणून टाळ्या वाजवतात. आई त्यांना घेऊन जाते, पण ते विसरतात आणि परत येतात. बाबा म्हणतात तू उठू नकोस, पडून राहा. पण मी उठले नाही तर ते थांबत नाहीत, आणि मग त्यांचे हात लाल होतात. म्हणून बाबा दुकानात गेले की मी उठते. भिंतीला धरून दारापर्यंत जाते, हात वर करते. मग त्यांना बरं वाटतं. त्यांना खुर्चीत बसवते आणि परत येऊन पडते. हे बाबांना सांगू नकोस.

त्या दिवशीपण तसंच झालं, आत्या. बाबांना वाटतं मला खेळायचं होतं म्हणून मी उठले. मला काही दिसत नव्हतं. गवत कुठे आणि वर कुठे तेपण कळत नव्हतं. फक्त आजोबा ऐकू येत होते. मला वाटलं, मी उठले नाही तर ते थांबणार नाहीत.

बाबा तुझ्या वर्गात येणार की नाही ते सांगत नाहीत. पण त्यांनी बूट पुसून दाराशी ठेवलेत, त्याला बरेच दिवस झाले. ते नाही आले तर तूच त्या सगळ्या मास्तरांना माझ्याकडून एवढं सांग, की पडलेल्याला ऐकू येतं.

घड्याळ वाजलं. माझी आठवण काढत जा, मी विसरले तरी.

तुझी,
टोळ